दास्यमुक्तांची जबानी

१८५३ सालच्या जानेवारी महिन्यात वॉशिंग्टन शहरातील एका न्यायाधिकाऱ्यापुढे एक विलक्षण फिर्याद आली. फिर्यादी सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क संस्थानात स्वतंत्र म्हणून जन्मलेला, बायकामुले असलेला, व्हायोलिनवादनात निष्णात असा कृष्णवर्णीय गृहस्थ. १८४१ साली सर्कशीतील नोकरीचे आमिष दाखवून दोन भामट्यांनी त्याला या राजधानीत आणले, येथील जेम्स बर्च नामक गुलामांच्या व्यापाऱ्याच्या कोठडीत तो बेड्या घातलेल्या अवस्थेत शुद्धीवर आला, आणि मग परक्या नावाने विकला जाऊन लुइझियानातील मळ्यांवर त्याने बारा वर्षे काढली. सुटका होऊन घरी परतत असताना वाटेतच त्याने बर्चविरुद्ध दाद मागितली. न्यायाधिकाऱ्याने बर्चच्या बाजूचे साक्षीदार ऐकून घेतले. ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला त्या नॉर्थपची जबानी मात्र नोंदवून घेतली गेली नाही; कारण कृष्णवर्णीयाची साक्ष गोऱ्या मनुष्याविरुद्ध तेथील कायद्याला ग्राह्य नव्हती. बर्च निर्दोष सुटला.

त्याच वर्षी नॉर्थपचे ‘बारा वर्षे गुलाम’ हे आत्मकथन डेव्हिड विल्सन या वकिलाच्या लेखनसाहाय्याने प्रसिद्ध झाले आणि तीन वर्षांत त्याच्या सुमारे ३०,००० प्रती खपल्या. त्या वाचकांपैकी न्यूयॉर्क संस्थानातील एका गृहस्थास पुस्तक वाचता वाचता आठवले की, एका प्रवासात आपल्या ओळखीचे दोघेजण एका कृष्णवर्णीयासह आपणांस भेटले होते. त्या धाग्यावरून १८५४ मध्ये ते दोन भामटे पकडले गेले. पुढे अधिकारक्षेत्राच्या वादात खटला रेंगाळला आणि १८५७ मध्ये काढून टाकण्यात आला, ही गोष्ट वेगळी. परंतु जी जबानी कचेरीच्या दाराबाहेर अडवली गेली, तिने छापखान्याच्या वाटेने पुन्हा कचेरीत प्रवेश मिळवला, ही या प्रकरणातील घटना मला फार अर्थपूर्ण वाटते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील यादवी युद्धापर्यंतच्या सुमारे ९० वर्षांत इंग्रजी भाषेत दास्यमुक्तांची जी शेकडो लहानमोठी आत्मकथने निर्माण झाली, त्यांचा विचार सामान्यतः करुणरसाच्या अंगाने केला जातो : वाचकांच्या डोळ्यांत अश्रू आले, अश्रूंतून लोकमत घडले, आणि लोकमतातून कायदा झाला, अशी त्या विचाराची सरळ मांडणी असते. ही मांडणी अपुरी आहे असे माझे मत आहे. अश्रू आणण्याचे काम कवी, धर्मोपदेशक आणि कादंबरीकार आधीपासून करीतच होते, आणि त्यासाठी गुलामाने स्वतः लेखणी हाती धरण्याची निकड नव्हती. ज्यांच्या देहाचा हिशेब मालमत्तेच्या रकान्यात लिहिला जात होता, त्या माणसांनी आपणच आपल्या आयुष्याचे साक्षीदार आहोत असा हक्क जाहीरपणे सांगितला, त्या साक्षीची उलटतपासणी सोसली आणि तीत ती टिकवून दाखवली, हे या ग्रंथांचे खरे कार्य होय.

या परंपरेतील पहिला थोर ग्रंथ १७८९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता ओलाउदा इक्वियानो हा गुलाम म्हणून नौदलातील एका अधिकाऱ्याच्या पदरी वाढला, नंतर वेस्ट इंडीजमधील मॉन्टसेराट बेटावर रॉबर्ट किंग या क्वेकर व्यापाऱ्याला विकला गेला. किंगच्या गलबतांवर काम करीत असताना त्याने तीन पेन्स भांडवलावर काचेचा एक पेला विकत घेतला, दुसऱ्या बेटावर तो दुप्पट किमतीस विकला, त्या पैशांतून दोन पेले घेतले, आणि असे करीत करीत, कित्येकदा गोऱ्या गिऱ्हाइकांकडून लुबाडला जाऊनही, मालकाने मोजलेले ४० पौंड पुरे केले. १७६६ च्या जुलै महिन्यात त्याने ही रक्कम किंगपुढे ठेवली. त्या दिवशी मिळालेले मुक्तिपत्र त्याने आपल्या ग्रंथात जसेच्या तसे छापले आहे. कायद्याच्या रुक्ष भाषेतील तो मजकूर वाचताना, एका माणसाने दुसऱ्या माणसाला तो माणूस आहे असे लिहून देण्याचा अधिकार कोठून आणला, हा प्रश्न लेखकाने मोठ्याने न विचारताही वाचकापुढे उभा राहतो.

इक्वियानोने ग्रंथाचे स्वामित्व कोणाला विकले नाही. आगाऊ वर्गणीदार मिळवून त्याने तो स्वतः छापविला. पहिल्या आवृत्तीच्या ३११ वर्गणीदारांत इंग्लंडच्या युवराजाचेही नाव होते. पुढे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील गावोगाव हिंडून तो स्वतः पुस्तक विकत असे आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बोलत असे. त्याच्या हयातीत नऊ आवृत्त्या निघाल्या. झाँग नावाच्या जहाजावरील सव्वाशेहून अधिक बंदिवानांना विम्याच्या पैशांसाठी समुद्रात ढकलण्यात आले, ती १७८१ ची हकीकत दास्यविरोधी कार्यकर्ते ग्रॅनव्हिल शार्प यांच्या कानावर १७८३ मध्ये घालणारा हाच इक्वियानो. याच चळवळीतील टॉमस क्लार्कसन यांनी बंदरोबंदर फिरून जहाजांची मापे, खलाशांच्या मृत्यूंचे आकडे आणि बेड्यांचे नमुने जमवले. परंतु जहाजाच्या तळघरातला उकाडा, दुर्गंधी आणि आक्रोश आतून सांगणारा आवाज चळवळीला मिळवून दिला तो इक्वियानोने. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने हा व्यापार बंद केला, तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षे झाली होती.

अलीकडे एक वाद निघाला आहे. इक्वियानो आपला जन्म आफ्रिकेत झाल्याचे सांगतो. परंतु लंडनमधील १७५९ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आणि पुढे १७७३ च्या एका जहाजाच्या हजेरीपटात त्याचे जन्मस्थान कॅरोलायना असे लिहिलेले आहे. व्हिन्सेंट कॅरेटा या संशोधकाने ही कागदपत्रे पुढे आणल्यापासून विद्वानांत दोन तट पडले आहेत. मला यात एवढेच म्हणावयाचे आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी तो परक्याच्या ताब्यातील अल्पवयीन मुलगा होता, आणि अशा मुलाच्या नावापुढे दुसऱ्याने लिहिलेल्या दोन शब्दांना त्याच्या प्रौढपणीच्या ग्रंथाहून अधिक वजन देण्यापूर्वी इतिहासकाराने पुष्कळ थांबले पाहिजे.

व्यापार बंद झाला, तरी दास्य बंद झाले नव्हते. वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांवर लाखो माणसे मालमत्ता म्हणूनच जगत होती, आणि त्यांच्यापैकी एका स्त्रीची जबानी १८३१ साली लंडनमध्ये छापली गेली. मेरी प्रिन्स ही बर्म्युडात जन्मलेली. लहानपणी आईसमक्ष तिचा आणि तिच्या बहिणींचा लिलाव झाला. पुढे टर्क्स बेटावरील मिठागरांत तिला पाठवण्यात आले. पहाटे चारपासून नऊपर्यंत गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून फावड्याने मीठ ओढायचे, मक्याचे दाणे शिजवून घाईघाईने गिळायचे, आणि पुन्हा उन्हात उभे राहायचे. पायांवर फोड येत आणि ती क्षते मिठाने हाडापर्यंत खात जात. कोकणच्या किनाऱ्यावर मिठागरांतील माणसांचे पाय ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वर्णन अधिक सांगावे लागणार नाही.

अँटिग्वातील वुड दांपत्याने १८२८ मध्ये तिला लंडनला आणले, तेव्हा ती त्यांचे घर सोडून बाहेर पडली. इंग्लंडच्या भूमीवर ती स्वतंत्र होती; अँटिग्वास, आपल्या नवऱ्याकडे, परत गेली असती तर पुन्हा गुलाम ठरली असती, आणि वुड तिचे मुक्तिपत्र कोणत्याही किमतीस द्यावयास तयार नव्हता. दास्यविरोधी मंडळीचे चिटणीस टॉमस प्रिंगल यांच्या घरी ती कामाला राहिली. आपली कहाणी इंग्लंडच्या भल्या लोकांनी गुलामाच्याच तोंडून ऐकावी ही इच्छा तिची स्वतःची होती, असे प्रिंगल यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे; सुझॅना स्ट्रिकलंड या तरुण लेखिकेने ती उतरून घेतली. त्याच वर्षी पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि मळेवाल्यांच्या कैवाऱ्यांचे पित्त खवळले. मेरी खोटारडी आहे, दुर्वर्तनी आहे, प्रिंगलने तिला पढवले आहे, असे लेख आले. मग बर्मिंगहॅमच्या स्त्रियांच्या एका संस्थेने विचारणा केली की, हिच्या अंगावर खरोखरच वळ आहेत काय. आणि प्रिंगल यांच्या पत्नीने तिची पाठ पाहून, ती जुन्या जखमांच्या व्रणांनी भरलेली आहे असा दाखला लिहून दिला. हा दाखला तिसऱ्या आवृत्तीच्या पुरवणीत जोडलेला आहे. विचारणाऱ्या स्त्रिया शत्रू नव्हत्या, चळवळीच्या पुरस्कर्त्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या साक्षीदारांवर पुराव्याचा भार केवढा होता याची कल्पना येते. शब्द दिला तरी भागत नव्हते, अंगही रुजू करावे लागत होते.

१८३३ साली या पुस्तकावरून बदनामीचे दोन दावे झाले आणि मेरीने स्वतः न्यायालयात उभे राहून साक्ष दिली. त्यांपैकी वुडने प्रिंगलविरुद्ध लावलेला दावा वुडने जिंकला. कारण आरोप शाबीत करण्यासाठी अँटिग्वाहून साक्षीदार आणणे प्रिंगल यांना शक्य नव्हते. त्यानंतर मेरी प्रिन्सचा मागमूस कागदपत्रांत लागत नाही. त्याच वर्षी पार्लमेंटने दास्यविमोचनाचा कायदा केला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात आला. मालकांना दोन कोटी पौंड मोबदला मंजूर झाला. मुक्त झालेल्यांना छदामही मिळाला नाही. उलट शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षे, १८३८ पर्यंत, त्यांना त्याच मळ्यांवर राबावे लागले.

अमेरिकेत या वाङ्मयाला जे तेज चढले त्याचे श्रेय प्रामुख्याने फ्रेडरिक डग्लस यांना आहे. मेरीलंडमधील टॅल्बट परगण्यात १८१८ साली जन्मलेला हा मुलगा बाल्टिमोरला मालकाच्या जावयाच्या, म्हणजे टॉमस ऑल्ड याच्या, भावाकडे पाठवण्यात आला, तेथे घरधनिणीने त्याला मुळाक्षरे शिकवण्यास आरंभ केला, आणि नवऱ्याने ते पाहून तिला सक्त मनाई केली : वाचावयास शिकलेला गुलाम गुलाम म्हणून निरुपयोगी होतो. त्या मुलाने हे ऐकले आणि दास्याची किल्ली कोठे ठेवली आहे ते त्याला त्याच क्षणी कळले. रस्त्यावरच्या गोऱ्या गरीब पोरांना पाव देऊन त्याने त्यांच्याकडून एकेक शब्द शिकून घेतला. सप्टेंबर १८३८ मध्ये खलाशाच्या वेषात आणि दुसऱ्याच्या ओळखपत्रावर तो उत्तरेस निसटला. १८४१ पासून विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या दास्यविरोधी मंडळीचा वक्ता म्हणून फिरू लागला. पण त्याची वाणी इतकी प्रौढ आणि तर्कशुद्ध होती की, हा मनुष्य कधीकाळी गुलाम होता यावर श्रोत्यांचा विश्वास बसेना. तेव्हा १८४५ साली डग्लस यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्यात मालकांची नावे, गावे, मळे, मुकादम, सारे काही उघड लिहिले.

हे धाडस किती मोठे होते पाहा. कायद्याने डग्लस अद्यापि टॉमस ऑल्ड यांची मालमत्ता होते. पुस्तकाला जोडलेल्या पत्रात दास्यविरोधी वक्ते वेंडेल फिलिप्स यांनी स्पष्टच लिहिले की, तुमच्या जागी मी असतो तर हे हस्तलिखित आगीत टाकले असते. पहिल्या चार महिन्यांत ५,००० प्रती संपल्या आणि लेखकाला पकडले जाण्याच्या भीतीने समुद्रापार जावे लागले. आयर्लंड व ब्रिटनमध्ये त्यांनी सुमारे दोन वर्षे व्याख्याने दिली, आणि १८४६ मध्ये तेथील मित्रांनी वर्गणी गोळा करून, ऑल्ड कुटुंबाला १५० पौंड देऊन त्यांचे मुक्तिपत्र मिळवले.

इकडे अमेरिकेत, डग्लस यांना पूर्वी ओळखणाऱ्या ए. सी. सी. टॉम्सन नावाच्या एका गृहस्थाने वर्तमानपत्रात लिहिले की, हे पुस्तक त्या अशिक्षित गुलामाने लिहिणे अशक्य आहे, आणि त्यात वर्णिलेली माणसे आपल्या माहितीची असून सज्जन आहेत. डग्लस यांनी या टीकाकाराचे मनःपूर्वक आभार मानले. कारण आपण खरोखरच त्या परगण्यातील गुलाम होतो आणि आपण नावे घेतलेली माणसे खरोखरच अस्तित्वात आहेत, ही दोन्ही विधाने प्रतिपक्षाच्याच साक्षीदाराने कबूल केली होती. त्याहूनही मोलाची गोष्ट पुढची आहे. म्हाताऱ्या आजीला ऑल्डने एकटी मरायला सोडून दिले असे त्यांनी लिहिले होते; ऑल्डने तिला आपल्या घरी आणून ठेवले आहे असे नंतर कळताच, त्यांनी १८४९ मध्ये आपल्या ‘नॉर्थ स्टार’ पत्रात पूर्वीच्या धन्याला उद्देशून जाहीर पत्र लिहून तेवढा आरोप मागे घेतला. आयुष्यभर अन्याय करणाऱ्याच्या बाबतीतही सत्याचा हिशेब चोख ठेवणारी ही वृत्ती, माझ्या मते, त्या संपूर्ण चळवळीतील सर्वांत मोठी नैतिक सत्ता होती.

असे चोख राहणे ही केवळ सद्वृत्तीची बाब नव्हती, निकडही होती. १८३८ साली अमेरिकन दास्यविरोधी संस्थेने जेम्स विल्यम्स या फरारी गुलामाची हकीकत प्रसिद्ध केली. अलाबामातील एका संपादकाने, त्यात नमूद केलेली माणसे व मळे तेथे नाहीतच असे दाखवून दिले, आणि संस्थेला ते पुस्तक मागे घ्यावे लागले. तो मनुष्य खरोखरीचाच फरारी गुलाम होता आणि त्याने नावे बदलली होती, हे आधुनिक संशोधनाने उजेडात आणले. परंतु त्या काळी एका हकीकतीतील खोट्या नावांची शिक्षा पुढील प्रत्येक साक्षीदाराला भोगावी लागली. प्रत्येक आत्मकथनाला गोऱ्या सभ्य गृहस्थांचे दाखले, पत्रे आणि प्रस्तावना जोडण्याचा जो प्रघात पडला, त्यामागे ही भीती होती.

या प्रघाताची दुसरी बाजू लेखकांना जाचत असे. व्यासपीठावर डग्लस यांनी नुसती हकीकत सांगावी, तिच्यावरील भाष्य आम्ही करू, असा सहकाऱ्यांचा आग्रह असे. आणि त्या आग्रहाबद्दलची नाराजी त्यांनी १८५५ च्या आपल्या दुसऱ्या आत्मचरित्रात मोकळेपणाने व्यक्त केली. त्या दुसऱ्या ग्रंथाची प्रस्तावना गॅरिसन यांची नाही. जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय वैद्याची आहे.

हेन्री बिब, जोसाया हेन्सन, विल्यम वेल्स ब्राऊन, लाकडी खोक्यात बसून २७ तासांत रिचमंडहून फिलाडेल्फियास पोचलेला हेन्री ब्राऊन, यांची कथने त्या काळी पुष्कळ वाचली गेली. त्यांचा प्रत्येकाचा परामर्श येथे घेणे शक्य नाही. विल्यम आणि एलन क्राफ्ट या दांपत्याचा उल्लेख मात्र टाळवत नाही. १८४८ मध्ये गौर दिसणाऱ्या एलनने आजारी तरुण मळेवाल्याचा वेष घेतला आणि नवरा तिचा गुलाम म्हणून बरोबर निघाला. वाटेतील नोंदवहीत सही करावी लागू नये म्हणून तिने उजवा हात झोळीत बांधून घेतला होता, कारण तिला लिहिता येत नव्हते.

हॅरिएट जेकब्स यांचे १८६१ चे पुस्तक या सर्वांहून निराळे. नॉर्थ कॅरोलायनातील इडंटन गावी एका डॉक्टरच्या घरची ही गुलाम मुलगी. डॉक्टरची वासना चुकवण्यासाठी तिने दुसऱ्या एका गोऱ्या वकिलाशी संबंध ठेवला, त्याच्यापासून तिला दोन मुले झाली, आणि शेवटी पळून जाऊन ती आजीच्या घराच्या छपराखालील पोटमाळ्यात लपली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि जेथे सर्वांत उंच तेथे तीन फूट, अशा त्या जागेत ती जवळजवळ सात वर्षे राहिली. गिरमिटाने लाकडात छिद्रे पाडून तिने रस्त्यावर खेळणारी आपली मुले पाहिली. डॉक्टरला चकवण्यासाठी ती तेथूनच न्यूयॉर्कचा पत्ता घालून पत्रे लिही आणि विश्वासू माणसांकरवी उत्तरेतून टपालात टाकवी. तिच्या शोधात डॉक्टरने न्यूयॉर्कची वारीही केली. पुरुषांनी जे एका वाक्यात उरकले ते जेकब्सनी ग्रंथाच्या केंद्रस्थानी आणले : स्त्रीचे दास्य तिच्या देहातून तिच्या संततीतही उतरते, आणि अशा स्थितीत तिच्या शीलाचा न्याय सुरक्षित घरातील स्त्रियांच्या मापाने करता येत नाही. हे लिहावयास तिला फार यातना झाल्या. कादंबरीकार हॅरिएट बीचर स्टो यांनी ही हकीकत आपल्या पुस्तकात समाविष्ट करण्याची इच्छा दर्शवली, तेव्हा तिने नकार दिला आणि स्वतः लिहावयास बसली. प्रकाशकाचे दिवाळे निघाले, तेव्हा तिने छपाईचे ठसे विकत घेतले आणि पुस्तक आपल्या खर्चाने काढले. लिंडा ब्रेंट हे टोपणनाव मात्र तिने कायम ठेवले.

आता या साऱ्या ग्रंथांनी दास्य नष्ट केले काय? तसे म्हणणे सत्याला सोडून होईल. ब्रिटनच्या बाबतीत १८३१ च्या नाताळात जमैकात सॅम्युअल शार्प यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावाने आणि पार्लमेंटच्या १८३२ च्या सुधारणेने जे केले ते कोणत्याही पुस्तकाला साधले नसते. अमेरिकेत तर यादवी युद्धानंतर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनेच दास्याचा शेवट झाला. तरीही स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीवर ती बनावट असल्याचा आरोप झाला, तेव्हा १८५३ मध्ये त्यांनी पुराव्यांचा जो संग्रह छापला त्यात दास्यमुक्तांच्याच जबान्या पुढे कराव्या लागल्या, हे विसरता येत नाही. युद्ध सुरू झाल्यावर डग्लस यांनी कृष्णवर्णीय पलटणीसाठी सैनिक मिळवण्याचे काम अंगावर घेतले आणि आपले दोन मुलगे तीत धाडले. ज्यांना साक्ष देण्यास नालायक ठरवले होते ते आता देशासाठी शस्त्र धरण्यास लायक ठरले, आणि ही लायकी मान्य होण्याची मानसिक तयारी या वाङ्मयाने वीस वर्षे आधीपासून केली होती.

या घटनांचा प्रतिध्वनी आपल्याकडेही उमटला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनऱ्यांनी वसवलेल्या वस्तीत अरबी समुद्रातील गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकत होती; त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा आफ्रिकेतील प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन यांचे शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांपैकी एक होता, आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली. लिव्हिंगस्टनच्या चरित्राची पारायणे झाली, ही रोजनिशी मात्र फार काळ उपेक्षित राहिली.

उपेक्षेचा हा प्रकार सार्वत्रिक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर अर्धशतकाने यु. बी. फिलिप्स यांच्यासारख्या इतिहासकाराने दास्याचा इतिहास लिहिला तो मुख्यतः मळेवाल्यांच्या वह्यांवरून. गुलामांची कथने त्यांनी प्रचारकी म्हणून बाजूस सारली. धन्याची जमाखर्चाची वही निःपक्षपाती आणि गुलामाची जबानी पक्षपाती, हा निकष वॉशिंग्टनच्या त्या न्यायाधिकाऱ्याच्या निकषाहून फारसा वेगळा नाही. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारी योजनेखाली दास्य भोगलेल्या वृद्धांच्या २,३०० हून अधिक मुलाखती नोंदवल्या गेल्या, त्याही वर्षानुवर्षे पडून राहिल्या. जेकब्स यांचे पुस्तक तर १९७० नंतरही नामांकित अभ्यासक कादंबरी समजत होते. संशोधिका जीन फेगन येलिन यांनी जेकब्सच्या रॉचेस्टर येथील मैत्रीण ॲमी पोस्ट यांच्या दप्तरात जतन झालेली जेकब्सची स्वहस्ताक्षरातील पत्रे तपासली, पुस्तकातील एकेका टोपणनावामागची खरी व्यक्ती इडंटनच्या कागदपत्रांतून शोधून काढली, आणि १९८१ मध्ये ही साक्ष पुरती शाबीत केली.

आणि अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, हॅरिएटचा धाकटा भाऊ जॉन जेकब्स याचे आत्मकथन नव्याने छापले गेले. तो सोन्याच्या शोधात ऑस्ट्रेलियास गेला होता, आणि १८५५ साली सिडनीच्या ‘एम्पायर’ या वर्तमानपत्रात त्याने ते प्रसिद्ध केले होते. तेथे त्याला प्रस्तावनेचा आधार नको होता, कोणाचा दाखला नको होता, आणि मवाळ करणारा संपादकही नव्हता. १८६१ मध्ये लंडनमधील एका साप्ताहिकाने त्याची छाटलेली प्रत काढली, तीतून त्याचा राजकीय भाग गळाला. मूळ मजकुरात तो आपले दुःख थोडक्यात सांगतो, आणि मग सहा लाख गुलाममालकांवर, त्यांना पाठीशी घालणाऱ्या कायद्यांवर, व अमेरिकेच्या राज्यघटनेवर नाव घेऊन आरोपपत्र ठेवतो. त्याला वाचकांची दया नको होती. त्याने प्रतिवादी बदलला होता.